दोन कोटी त्रिकोणांचा गणपती

अनंत चतुर्दशी उलटते, मूर्तिशाळांचे हिशेब मिटतात आणि दसऱ्याच्या सुमारास माझा फोन वाजायला लागतो. बरेचसे फोन पेण, हमरापूर, जोहे या पट्ट्यातले. पोराला झेडब्रश शिकायचंय, पुढच्या हंगामाचं नवीन मॉडेल कॉम्प्युटरवर करून बघायचंय, तर लॅपटॉप घ्यावा की डेस्कटॉप? आणि त्याला जोडून ठरलेलं वाक्य: "दुकानदार म्हणतो, ग्राफिक्स कार्ड जबरदस्त पाहिजे."

"कुठलं सॉफ्टवेअर वापरणार, ते विचारलं का त्याने?"

"नाही बुवा."

दुकानदाराचाही दोष नाही. त्याच्याकडे येणारी शंभरातली नव्वद पोरं गेम खेळायला मशीन नेतात, आणि गेमसाठी ग्राफिक्स कार्डच लागतं. आपल्या कामाचं गणित मात्र वेगळं आहे. पूर्वी मूळ मूर्ती शाडूत घडवायची, तिच्यावरून रबराचा साचा काढायचा, साच्यातून शेकडो मूर्ती. आता काही कारखान्यांत ती मूळ मूर्ती पडद्यावर घडते, रेझिनच्या थ्रीडी प्रिंटरवर सुट्या भागांत छापली जाते आणि जोडून, लांबी भरून, पॉलिश पेपर मारून साच्याला जाते. दागिन्यांची मॉडेलं करणारे, खेळण्यांचे नमुने घडवणारे, गेम आणि ॲनिमेशनसाठी पात्रं बनवणारे, सगळ्यांचं काम थोड्याफार फरकाने असंच चालतं. पडद्यावरचा गोळा पेनने दाबायचा, ओढायचा, खरवडायचा.

झेडब्रश या पडद्यावरच्या शिल्पकामाच्या सॉफ्टवेअरमध्ये तो गोळा रंगवण्याचं काम ग्राफिक्स कार्ड करत नाही, प्रोसेसर करतो. हे सॉफ्टवेअर १९९९ मध्ये लोकांसमोर आलं तेव्हापासून त्याची घडण अशीच आहे. पिक्सोलॉजिक कंपनीकडून ते मॅक्सन कंपनीकडे गेलं, तरी हा मूळ स्वभाव टिकला. त्यामुळे सत्तर हजारांचं ग्राफिक्स कार्ड लावलेल्या मशीनवर आणि प्रोसेसरमधल्याच साध्या ग्राफिक्सवर चालणाऱ्या मशीनवर झेडब्रशचा ब्रश जवळजवळ सारखाच फिरतो. बाकीचे भाग सारखे असले तर, अर्थात. हे ऐकून लोकांचा विश्वास बसत नाही. माझाही बसला नव्हता.

मग पैसे घालायचे कुठे? आधी रॅम, मग प्रोसेसर, मग पेन. ग्राफिक्स कार्ड सगळ्यात शेवटी, आणि ते कुणाला आधी लागतं ते पुढे सांगतो.

रॅमचं गणित एकदा हाताने करून बघा. दहा हजार चौकोनांचा साधा गोळा घेतला. झेडब्रशमध्ये कंट्रोल आणि डी दाबलं की प्रत्येक चौकोनाचे चार होतात. दुसऱ्या पातळीला चाळीस हजार, तिसऱ्याला १ लाख ६० हजार, चौथ्याला ६ लाख ४० हजार, पाचव्याला २५ लाख ६० हजार. इथपर्यंत मशीन कुरकुरत नाही. सहाव्या पातळीला आकडा एक कोटीच्या पुढे जातो. हा झाला एक भाग. गणपतीत सोंड आहे, मुकुट आहे, सोवळं, शेला, दागिने, उंदीर, पाट. प्रत्येक भाग वेगळा ठेवायचा तर सगळ्यांची बेरीज आणि वर प्रत्येक स्ट्रोकचा इतिहास, कारण मागे जायची सोय हवी. हे सगळं रॅममध्ये राहतं. रॅम संपली की सॉफ्टवेअर डिस्कवर लिहायला लागतं, आणि डिस्क कितीही वेगवान असली तरी रॅमच्या तुलनेत ती बैलगाडीच.

माझं पहिलं मशीन म्हणजे एक सडपातळ, दिसायला देखणा लॅपटॉप, आठ जीबी रॅमचा. कंपनीचं नाव सांगत नाही. चूक तिची नव्हती, मी काही विचारलंच नव्हतं. एका मूर्तीच्या बाजूबंदावर आणि कंबरपट्ट्यावर दोन दिवस बारीक काम केलं. मोत्यांच्या सरी, त्यातल्या मण्यांमधली फट, सगळं. संध्याकाळी सहाव्या पातळीसाठी बटण दाबलं. कर्सरचा गोल फिरत राहिला, पडदा फिका पडला आणि सॉफ्टवेअर बंद. शेवटचं सेव्ह दुपारी जेवायच्या आधीचं. दुसऱ्या दिवशी लॅपटॉप उचलून रॅम वाढवायला गेलो, तर दुकानातल्या मुलाने मागचं झाकण काढून दाखवलं. रॅम मदरबोर्डलाच सोल्डर केलेली. काढता येत नाही, वाढवता येत नाही. वर्ष व्हायच्या आत तो लॅपटॉप अर्ध्या किमतीत विकला.

तेव्हा पहिला प्रश्न हा विचारा: रॅमला स्लॉट आहे का, किती आहेत, त्यातले रिकामे किती? पातळ लॅपटॉपमध्ये हा धोका जास्त. इंटेलच्या कोअर अल्ट्रा २०० व्ही मालिकेत तर रॅम प्रोसेसरच्याच पॅकेजवर बसवलेली असते आणि ३२ जीबीच्या पुढे जातच नाही. बॅटरी झकास टिकते, पण ते मशीन वेगळ्या कामाचं. १६ जीबीवर शिकायला सुरुवात करता येते. धंद्याचं काम असेल तर ३२ घ्या. मोठ्या मूर्तीचे सगळे भाग एकत्र उघडून काम करायची सवय असेल किंवा ब्लेंडर हे दुसरं थ्रीडी सॉफ्टवेअर आणि झेडब्रश दोन्ही एकदम चालू ठेवायचे असतील, तर ६४ वाया जात नाहीत. एका पट्टीऐवजी दोन पट्ट्या लावा, रॅमशी बोलायला प्रोसेसरला दोन वाटा मिळतात. उदाहरणार्थ, १६ च्या दोन. आणि आधीची पट्टी डीडीआर ४ असेल तर डीडीआर ५ तिच्या जोडीला बसत नाही, खाचच वेगळी असते. २०२५ च्या शेवटी रॅमचे भाव असे काही भडकले की 'नंतर वाढवू' म्हणणाऱ्यांचे हात पोळले. त्यामुळे जमत असेल तर रॅम पहिल्या दिवशीच पूर्ण घ्या आणि काटकसर दुसरीकडे करा.

प्रोसेसरबद्दल दुकानात कोअरची संख्या मोठ्या आवाजात सांगतात. कोअर हवेतच, पण झेडब्रशची सगळी कामं सगळ्या कोअरवर वाटली जात नाहीत. काही कामं एकट्या कोअरच्या जिवावर चालतात, तिथे बाकीचे नुसते बघत बसतात. म्हणून आठ चांगले, वेगवान कोअर असलेला आजच्या पिढीचा प्रोसेसर पुरतो. सोळा कोअरचा घेऊन रॅम कमी करण्यात अर्थ नाही. डेस्कटॉप जुळवताना इंटेलच्या किंवा एएमडीच्या प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी 'एफ' हे अक्षर दिसलं तर थांबा. त्या प्रोसेसरमध्ये स्वतःचं ग्राफिक्स नसतं, मग पडद्यावर चित्र दिसण्यासाठी तरी वेगळं कार्ड घ्यावंच लागतं. एएमडीच्या एएम ५ सॉकेटवरच्या रायझन ७००० आणि ९००० मालिकांतल्या बिगर-एफ प्रोसेसरमध्ये लहानसं ग्राफिक्स असतं. नुसतं झेडब्रश करणाऱ्याने पहिल्या वर्षी ग्राफिक्स कार्ड घेऊच नये, हे माझं स्पष्ट मत आहे. मदरबोर्डवर जागा असतेच, पुढच्या हंगामाचे पैसे आले की लावा. 'एक्स ३ डी' लिहिलेले प्रोसेसर गेमसाठी उत्तम, आपल्याला त्या जास्तीच्या कॅशचा फारसा उपयोग नाही.

लॅपटॉपच्या प्रोसेसरमध्ये शेवटची अक्षरं वाचायला शिका. 'यू' म्हणजे कमी विजेवर चालणारा, 'एच' म्हणजे दमाचा, 'एचएक्स' म्हणजे सर्वांत तगडा, पण गरमही तेवढाच. शिल्पकामाला एच घ्या.

ब्लेंडर असेल तर हिशेब बदलतो

ब्लेंडर फुकट आहे, विद्यार्थी त्यावरच सुरुवात करतात आणि ते योग्यच आहे. त्यात ब्रशचा हिशेब प्रोसेसर करतो, पण दृश्य रंगवायचं काम ग्राफिक्स कार्डाकडे असतं. त्याहून मोठा फरक रेंडरमध्ये पडतो. मंडळाला मूर्तीचं रंगीत चित्र आधी दाखवायचं असेल, सोन्याचा मुकुट चकाकताना, मखमली शेला पडताना, तर ब्लेंडरचं सायकल्स हे रेंडर इंजिन ग्राफिक्स कार्डावर कितीतरी पटींनी लवकर काम उरकतं. एनव्हिडियाच्या आरटीएक्स कार्डांसाठी त्यात ऑप्टिक्स नावाची सोय आहे. एएमडी, इंटेल आणि ॲपलच्या ग्राफिक्सवरही सायकल्स चालतं, पण अडचण आली तर मार्ग सांगणारे लोक एनव्हिडियाचे जास्त भेटतात. इथे बघायची ती कार्डाची स्वतःची मेमरी. आठ जीबी कामचलाऊ, बारा असेल तर निश्चिंती. २०२१ मध्ये आलेलं बारा जीबीचं आरटीएक्स ३०६० म्हणूनच अजून माणसं शोधत फिरतात.

लॅपटॉपमधल्या ग्राफिक्स कार्डात आणखी एक मेख आहे. डब्यावर आरटीएक्स ४०६० लिहिलेलं असलं तरी कंपनी त्याला ३५ वॉटपासून ११५ वॉटपर्यंत कितीही वीज देऊ शकते. नाव एक, दम मात्र कमी-जास्त. पातळ लॅपटॉपला कमी वीज मिळते, कारण उष्णता बाहेर काढायला जागा नसते. हा आकडा खोक्यावर क्वचितच असतो. कंपनीच्या वेबसाइटवर त्या मॉडेलच्या तपशिलात शोधावा लागतो. नाही सापडला तर तो लॅपटॉप सोडून द्या, असं मी सांगतो. जरा कडक वाटेल, पण ज्याला आकडा चांगला आहे तो लपवत नाही.

किती बारकावा पुरे?

इथे जरा थांबतो, कारण मशीन किती मोठं लागेल ते शेवटी यावर ठरतं. एक कोटी चौकोनांची मूर्ती छपाईला पाठवताना तिचे दोन कोटी त्रिकोण होतात. एसटीएल फाइलच्या बायनरी प्रकारात प्रत्येक त्रिकोणाला ५० बाइट लागतात. दोन कोटी गुणिले पन्नास, म्हणजे शंभर कोटी बाइट, साधारण एक जीबी. ही फाइल स्लायसरमध्ये, म्हणजे छपाईसाठी मूर्तीचे थर पाडणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, उघडताना चहा होतो, पिऊन होतो, कप विसळून होतो.

आणि छापून मिळतं काय? रेझिन प्रिंटरचा एक थर बहुधा ०.०५ मिलिमीटरचा ठेवतात. एक फुटी मूर्ती सगळी मिळून सुमारे सहा हजार थरांची. त्याच्याहून बारीक रेघ छापतच नाही. जी छापते तिच्यावर पॉलिश पेपर फिरतो, मग रबर ओतलं जातं, मग साच्यातून शाडू किंवा प्लास्टर निघतं, मग रंगाचे हात. सोवळ्याच्या काठातली जी वीण तुम्ही रात्र जागून कोरली, ती रंगवणाऱ्या बाईंच्या ब्रशखाली सपाट होते. हमरापूरच्या एका जुन्या मूर्तिकार काकांनी माझं पडद्यावरचं काम बघून एवढंच म्हटलं होतं, "हे डोळ्याला छान आहे, हाताला लागणार नाही." त्या दिवसापासून मी फाइल डेसिमेट करून त्रिकोण वीस-तीस लाखांवर आणतो. पोटाच्या गुळगुळीत भागावर मोठे त्रिकोण, दागिन्यांवर बारीक, असं सॉफ्टवेअर आपोआप वाटून देतं. छापल्यावर फरक ओळखून दाखवा, असं मी शिकाऊ पोरांना सांगतो. अजून कुणी ओळखलेला नाही.

म्हणजे साच्यासाठी मूर्ती करणाऱ्याला ३२ जीबीचं मध्यम मशीन भरपूर झालं. सिनेमासाठी त्वचेची छिद्रं कोरणाऱ्याची गोष्ट वेगळी. त्याने ६४ चा विचार करावा.

पेन

आता ज्यावर सगळ्यात कमी लोक पैसे घालतात ते. माउसने शिल्प होत नाही. होतं म्हणणारे आहेत, त्यांच्या मनगटाला माझा नमस्कार. दाब ओळखणारं पेन आणि टॅब्लेट हवंच. स्क्रीन नसलेलं मध्यम आकाराचं, साधारण दहा बाय सहा इंच काम करता येईल असं टॅब्लेट ह्युऑन किंवा एक्सपी-पेनचं चार-पाच हजारांच्या घरात येतं, वॅकॉमचं जास्त. ४०९६ की ८१९२ दाबपातळ्या, या वादात पडू नका. हाताला तो फरक कळत नाही. बघायचं ते असं की पेनला बॅटरी नको, अगदी हलक्या स्पर्शाला रेघ उमटली पाहिजे आणि पेनवरची बटणं बोटाखाली नीट आली पाहिजेत.

स्क्रीन असलेलं टॅब्लेट घ्यावं का? घ्या, पण पहिलं नको. मान खाली घालून सहा तास काम करायला लागलं की पाठ बोलायला लागते. शिवाय हात पडद्यावर आला की नेमका घडवायचा भाग हाताखाली झाकला जातो. साधं टॅब्लेट टेबलावर, नजर समोरच्या पडद्यावर, ही सवय आठ-पंधरा दिवसांत लागते. स्क्रीनवालंच घ्यायचं ठरलं तर लॅपटॉपला एचडीएमआय आहे का किंवा त्याच्या टाइप-सीमधून चित्रही बाहेर जातं का, ते आधी तपासा. नुसतं चार्जिंग करणारा टाइप-सी दिसायला अगदी तसाच असतो.

शिल्प करताना डावा हात कीबोर्डवर असतो. झेडब्रशमध्ये शिफ्ट म्हणजे गुळगुळीत करणं, ऑल्ट म्हणजे खणणं, कंट्रोल म्हणजे मास्क. दिवसभर ही तीन बटणं आणि स्पेस, एवढंच. काही लॅपटॉपवर डाव्या कोपऱ्यात कंट्रोलच्या जागी 'एफएन' असतं. करंगळी रोज चुकते आणि मास्कऐवजी भलताच खड्डा पडतो. दुकानात कीबोर्डवर बोटं ठेवून बघा, हा तपशील कुठल्याही जाहिरातीत नसतो.

पेन लावल्यावर विंडोजमध्ये एक गोष्ट लगेच बंद करायची. पेन टेकवून क्षणभर थांबलं की टोकाभोवती एक वर्तुळ उमटतं, कारण विंडोजला वाटतं तुम्हाला राइट-क्लिक करायचंय. त्याने प्रत्येक स्ट्रोकची सुरुवात अडखळते. कंट्रोल पॅनेलमधल्या पेन आणि टचच्या सेटिंगमध्ये 'प्रेस अँड होल्ड' बंद केलं की झालं. नवीन, महागडं मशीन "अटकतंय" म्हणून माझ्याकडे आलेल्या तिघांपैकी दोघांचं दुखणं एवढंच होतं.

तिसऱ्याचं निराळं. त्याची रेघ थरथरायची, तीही फक्त चार्जर लावल्यावर. बॅटरीवर रेघ सुतासारखी सरळ. कारखान्याच्या त्या खोलीतल्या सॉकेटला अर्थिंगच नव्हतं. वायरमन बोलावला, अर्थिंग घातलं, थरथर गेली. जुन्या घरात, कारखान्यात काम करणाऱ्यांनी मशीन घ्यायच्या आधी वायरमन बोलावला तर बरं.

लॅपटॉप की डेस्कटॉप

इतका वेळ हा प्रश्न टाळला, कारण याचं उत्तर मशीनमध्ये नाही, तुम्ही कुठे बसता त्यात आहे. एकाच जागी बसून काम करणाऱ्याने डेस्कटॉप घ्यावा. त्याच पैशात जास्त रॅम, थंड चालणारा प्रोसेसर, मोठा पडदा, आणि एक भाग बिघडला तर तेवढाच बदलता येतो. कॉलेज, वसतिगृह, स्टुडिओ, गाव अशी ये-जा असणाऱ्याला लॅपटॉपशिवाय गत्यंतर नाही. मात्र घरी त्याला वेगळा पडदा, वेगळा कीबोर्ड जोडा. पडद्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. चोवीस इंची, फुल एचडी, आयपीएस पुरतो. सत्तावीस इंची असेल तर २५६० बाय १४४०. फोर-के पडद्यावर झेडब्रश मंदावतं, कारण तेवढे सगळे ठिपके प्रोसेसरलाच रंगवायचे असतात. शिल्प बहुतेक वेळ करड्या किंवा तांबड्या मेणासारख्या रंगातच चालतं, त्यामुळे रंगाचा हट्ट नुसतं शिल्प करणाऱ्याने धरू नये. रंगसंगतीही पडद्यावरच ठरवायची असेल तर मात्र ४५ टक्के एनटीएससीवाला स्वस्त पॅनेल टाळा, त्यावर केशरी आणि लाल एकमेकांत मिसळतात.

कोकणात लॅपटॉपच्या बाजूचा एक मुद्दा आहे, तो म्हणजे वीज. जून ते सप्टेंबर ती कधी जाईल सांगता येत नाही आणि लॅपटॉपच्या पोटात बॅटरी असतेच. डेस्कटॉपला यूपीएस घ्यावाच लागतो. ६०० व्हीएचा नेहमीचा यूपीएस प्रत्यक्षात ३६० वॉटच्या आसपासच देतो. ग्राफिक्स कार्ड नसलेल्या मशीनला तो पुरतो. मोठं कार्ड लावून रेंडर चालू असताना वीज गेली, तर यूपीएस किंचाळतो आणि सगळंच बंद पडतं. कार्ड लावणार असाल तर हजार-अकराशे व्हीएचा बघा.

दुसरा शत्रू धूळ. प्लास्टरची किंवा वाळलेल्या शाडूची भुकटी आणि कोकणातली दमट हवा एकत्र आली की काय होतं, ते एकदा बघितलंय. मशीन कारखान्याच्या कोपऱ्यात, जमिनीवर ठेवलेलं. दोन हंगामांत प्रोसेसरच्या पंख्याच्या जाळीवर पांढरा पापुद्रा जमला होता, नखाने उचलला तर पापडासारखा सबंध निघाला. मशीन तापायचं, म्हणून हळू व्हायचं, म्हणून मालक नवीन घ्यायला निघाले होते. साफ केलं, प्रोसेसरवरची पेस्ट बदलली, अजून चालतंय. मशीन दुसऱ्या खोलीत, टेबलावर ठेवा. ब्लोअरने साफ करताना पंखा बोटाने धरून ठेवा, नाहीतर तो भन्नाट फिरून त्याचं बेअरिंग जातं.

साठवणुकीबद्दल थोडक्यात. एक टीबीची एनव्हीएमई एसएसडी घ्या. जुनी फिरती हार्ड डिस्क बॅकअपपुरतीच, आणि बॅकअप म्हणजे मशीनच्या बाहेरची वेगळी डिस्क.

मॅक, आयपॅड आणि जुना माल

मॅक मिनी हा आता गंभीरपणे विचार करण्याजोगा पर्याय आहे. २०२४ च्या एम ४ पासून तो सोळा जीबीनेच सुरू होतो, आवाज जवळजवळ नाही, वीजही कमी लागते. झेडब्रश, ब्लेंडर दोन्ही त्यावर नीट चालतात. पण मेमरी नंतर वाढत नाही, त्यामुळे माझी ती आठ जीबीची चूक इथे महागात करता येते. मॅकबुक एअरला पंखा नसतो. तास-दोन तास सलग जड काम केलं की तो दमतो. दागिन्यांकडे जाणाऱ्यांनी मॅक घेऊ नये, कारण दागिन्यांचं मॅट्रिक्सगोल्ड हे सॉफ्टवेअर विंडोजवरच चालतं. लिनक्सवर ब्लेंडर छान चालतं, झेडब्रशची आवृत्ती मात्र त्यासाठी येत नाही.

घरात आयपॅड असेल तर आधी त्यावर नोमॅड स्कल्प्ट हे शिल्पकामाचं ॲप घेऊन बघा. एकदाच पैसे, दरमहा काही नाही, आणि अँड्रॉइडवरही मिळतं. झेडब्रशही २०२४ मध्ये आयपॅडवर आलं. कच्चा आकार, चेहऱ्याचा भाव, बैठकीचा तोल, इतकं तिथे बसल्या बसल्या होतं. एका मुलाने सहा महिने नोमॅडवरच हात बसवला, मग मशीन घेतलं. त्याला काय हवंय ते तोपर्यंत त्याला कळलं होतं.

जुना माल स्वस्त पडतो आणि मुंबईत लॅमिंग्टन रोडला गेलात तर डोळे फिरतील. ऑफिसांमधून निघालेली झिऑन प्रोसेसरची मोठाली वर्कस्टेशन, ६४ जीबी रॅम, किंमत लॅपटॉपच्या निम्मी. मोह आवरा. त्यांचे कोअर पुष्कळ, पण एकेक संथ, आणि आपल्याला एकेका कोअरचा वेग लागतो. शिवाय विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढच्याच प्रोसेसरवर चालतं आणि टीपीएम २.० मागतं. सातव्या पिढीचं किंवा त्याआधीचं मशीन कितीही स्वस्त मिळालं तरी घेऊ नका. इंटेलचे तेराव्या-चौदाव्या पिढीचे आय ७, आय ९ डेस्कटॉप प्रोसेसर जुने घेत असाल, तर बायोस अद्ययावत केलेला होता का, ते विचारा. त्यातले काही व्होल्टेजच्या दोषाने अस्थिर व्हायचे आणि इंटेलनेच २०२४ मध्ये त्यांची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली.

दुकानात

पेनड्राइव्हवर दोन गोष्टी घेऊन जा. एक, ब्लेंडरची झिप आवृत्ती; ती इन्स्टॉल न करता तशीच चालते, त्यामुळे दुकानदाराची परवानगी सहज मिळते. दुसरी, तुमची स्वतःची सर्वांत जड फाइल. स्वतःची नसेल तर मित्राची, पण चाळीस-पन्नास लाख चौकोनांची तरी हवी. चार्जर लावून उघडा, स्कल्प्ट मोडमध्ये जा आणि वीस मिनिटं काम करा. पहिली पाच मिनिटं सगळीच मशीन पळतात. पंधराव्या मिनिटाला कीबोर्डवर हात ठेवा, पंख्याचा आवाज ऐका, ब्रश मागे राहतोय का बघा. मग चार्जर काढा आणि पुन्हा तोच स्ट्रोक मारा. काही लॅपटॉप बॅटरीवर निम्मेच उरतात. घरी गेल्यावर कळण्यापेक्षा इथे कळलेलं बरं.

मागच्या दिवाळीआधी एका मूर्तिशाळेच्या पोराबरोबर मी असा गेलो होतो. त्याने आणलेली फाइल म्हणजे लंबोदराची, एक जीबीची, डेसिमेट न केलेली. त्याला आवडलेल्या लॅपटॉपवर ती उघडायला इतका वेळ लागला की दुकानातल्या माणसाने मागे येऊन विचारलं, "काय बघताय सर?" पोराने पडदा त्याच्याकडे फिरवला. पाच मिनिटांनी उंदरासकट गणपती आला. दुकानदार बघत राहिला, मग स्वतःच मागच्या कपाटातून दुसरं मशीन काढलं: जाडजूड, दिसायला ओबडधोबड, दोन रॅम स्लॉटवालं, पहिल्यापेक्षा आठ हजारांनी स्वस्त. त्यावर तीच फाइल दीड मिनिटात उघडली.

बिल पक्कं घ्या, जीएसटी क्रमांकासह. मूर्तिशाळेची नोंदणी असेल तर कर वळता करता येऊ शकतो. डेस्कटॉप जुळवून घेतलात तर प्रत्येक भागाचा सिरियल नंबर बिलावर लिहून घ्या, कारण प्रत्येकाची वॉरंटी वेगळी चालते आणि दोन वर्षांनी दुकानातला मुलगा बदललेला असतो. त्या पोराने बिलाबरोबर दुकानदाराचा नंबरही घेतला. दुकानदाराने त्याचा घेतला होता. घरच्या गणपतीची ऑर्डर द्यायची होती, दीड फुटी, सोंड डावीकडे.